‘कर’ आणि ‘अहिंसक’ : चिरनेरवर लिहिताना अडलेले दोन शब्द



पेट पास झाली, विभागात मुलाखतीची तारीख लागली, आता आराखडा कसा लिहू, असे मेल हल्ली बरेच येतात. सोबत जोडलेले आराखडेही मी वाचते. त्यातले निम्मे तरी स्वातंत्र्यलढ्याच्या स्थानिक इतिहासावरचे असतात आणि त्यांची शीर्षकं एकमेकांची सख्खी भावंडं वाटतात. नावं ठेवत नाहीये. माझं स्वतःचं पहिलं शीर्षक ऐका: ‘वसाहतकालीन अन्यायी करांविरुद्धचा अहिंसक लढा : पनवेल तालुक्याचा अभ्यास’. तीन उद्दिष्टं, दोन गृहीतकं, सगळं कसं जागच्या जागी. मला फार आवडलं होतं. मॅडमनी पेन्सिलीनं दोनच शब्दांखाली रेघ मारली, ‘कर’ आणि ‘अहिंसक’, आणि कागद परत दिले. कारण सांगितलं नाही. पंधरा दिवस मी चिडून होते.

आज त्या शीर्षकाचीच समीक्षा करते. दुसऱ्याचं फाडण्यापेक्षा ते बरं.

आधी प्रसंग सांगते, कारण पनवेलबाहेरच्या वाचकांना तो माहीत असेलच असं नाही. २५ सप्टेंबर १९३०. गाव चिरनेर. आज ते उरण तालुक्यात आहे. तेव्हा उरण हा पनवेल तालुक्याचाच पेटा आणि जिल्हा कुलाबा. गावाजवळच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतले लोक जंगल कायदा मोडायला जमले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आज तिथल्या स्मारकावर आठ हुतात्म्यांची आठवण आहे आणि दर २५ सप्टेंबरला तिथं मानवंदना दिली जाते. त्याच दिवशी मामलेदार जोशी मारले गेले, सरकारी बाजूची आणखीही माणसं गेली. नंतर खटला चालला, गावकऱ्यांना शिक्षा झाल्या.

आता या प्रसंगावर माझं शीर्षक ठेवून बघा. बसतं का?

पहिला शब्द ‘कर’. १९३० म्हटलं की आपल्या डोक्यात मीठ येतं आणि मिठाबाबत हा शब्द तंतोतंत बसतो. त्या वर्षी मिठावरचं शुल्क मणाला १ रुपया ४ आणे होतं. १९२३ मध्ये ते दुप्पट, म्हणजे अडीच रुपये झालं होतं, १९२४ मध्ये पुन्हा खाली आलं. मणाचे ४० शेर, म्हणजे शेरामागं दोन पैसे. घरात वर्षाला मणभर मीठ लागतं असं धरलं, तर वर्षाचे वीस आणे सरकारला, मग घर सावकाराचं असो की शेतमजुराचं. हिशेब मांडता येतो, अन्याय आकड्यात दाखवता येतो. (एक बारीक गोष्ट. बरेच जण आराखड्यात १८८२ चा मीठ कायदा लिहून मोकळे होतात. मुंबई इलाख्यात १८९० चा मुंबई मीठ कायदा लागू होता. मुलाखतीत कुणीतरी हे विचारतंच.)

पण आपल्या भागात मिठाचीही गोष्ट दांडीसारखी सरळ नाही. पनवेल, उरण, पेण हा मिठागरांचा पट्टा. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात तापू द्यायचं, वर आलेलं मीठ ओढून ढीग घालायचे, हे इथल्या आगरी माणसाचं रोजचं काम. ‘आगर’ या शब्दाशीच जातीचं नाव जोडलेलं. मीठ तयार करणं हा त्याच्यासाठी कायदेभंग नव्हता, मजुरी होती. गुन्हा व्हायचा तो शुल्क न भरता मीठ आगराबाहेर नेलं तर. म्हणजे दांडीला मूठभर मीठ उचलण्याला जो अर्थ होता, तो खारेपाटात उचलून आणून ठेवता येत नाही. मला हे लक्षात यायला दोन वर्षं लागली, आणि मी याच भागातली आहे.

आता जंगलाकडे या. इथं ‘कर’ हा शब्द नुसता सैल नाही, तो दिशाभूल करतो. चराईची फी होती, परवाने होते, गुरं राखीव जंगलात शिरली की कोंडवाडा आणि दंड होता. हे सगळं पैशात मोजता येतं. पण तक्रारीचा गाभा तिथं नव्हता. तो होता राबात.

राब म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. कोकणातला भातशेतकरी उन्हाळ्यात ऐन-किंजळीसारख्या झाडांचे टहाळ तोडतो, रोपाच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत यांबरोबर पसरतो आणि पावसाआधी जाळतो. त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं रोप करायचं आणि मग लावणी. टहाळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलाची हद्द पडली आणि टहाळ तोडण्याचा विषय हक्काचा न राहता मेहेरबानीचा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावर इतका असंतोष माजला, की १८८५ ते १८८७ या काळात मुंबई सरकारला खास फॉरेस्ट कमिशन नेमून गाऱ्हाणी ऐकावी लागली. त्याच्या थोडं आधी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याची तक्रार मांडली होतीच. म्हणजे चिरनेरच्या डोंगरावर १९३० मध्ये जे चढले, त्यांच्या पाठीमागं पन्नास वर्षांचं भांडण होतं. गांधीजींनी ते सुरू केलं नव्हतं.

आणि गांधीजींच्या यादीत ते नव्हतंही! जानेवारी १९३० मध्ये त्यांनी व्हाइसरॉयपुढं अकरा मागण्या ठेवल्या. शेतसारा निम्मा करा, मीठकर रद्द करा, लष्करी खर्च कमी करा, अगदी रुपयाचा विनिमय दर बदला इथपर्यंत. जंगल त्यात नाही. ते आलं पावसामुळं. जून लागला की मिठागरं बंद. पाऊस मीठ विरघळवून टाकतो, मोडायला मीठ कायदाच हाताशी राहत नाही. समुद्र नसलेल्या विदर्भाला, खानदेशाला तर तो प्रश्न आधीपासूनच होता. मग महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह उभा राहिला. १० जुलै १९३० ला पुसदला बापूजी अणे यांनी गवत कापून सुरुवात केली, पुढं बागलाण, अकोले-संगमनेर, बिळाशी. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा क्रम ‘मिठाचा सत्याग्रह आणि नंतर जंगल सत्याग्रह’ असा एका वाक्यात उरकलेला असतो, जणू एकाच लढ्याचे दोन अंक. माझ्या शीर्षकातला ‘कर’ हेच करत होता. दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरत होता.

यानं काय बिघडतं? नाग्या कातकरी बिघडतो. म्हणजे बाहेर पडतो.

आठ हुतात्म्यांतलं हे नाव आज सगळ्यात जास्त घेतलं जातं. कातकरी म्हणजे काताशी जोडलेला समाज, खैराच्या लाकडापासून कात काढणारा. कोळसा पाडणं, लाकूडफाटा, कंदमुळं, शिकार, जमेल तशी मजुरी. कातकरी वाडीत साधारणपणे ना नावावर जमीन, ना गोठ्यात गुरं. मग त्यानं कुठला कर भरला? शेतसारा नाही, चराई नाही. त्याच्यापुरतं जंगल खात्याकडं जाणं म्हणजे महागाई नव्हे. पायाखालची जागाच जाणं. जो भरतो त्याच्यावर अन्याय, असं ‘अन्यायी कर’ या शब्दात गृहीत आहे. ज्याच्याकडं भरण्यासारखं काही नाही त्याला त्या शब्दात दारच नाही. मी नाग्याचं नाव अर्पणपत्रिकेत टाकलं होतं आणि शीर्षकातून त्याला हाकलून दिलं होतं.

इथं एका चांगल्या पुस्तकाबद्दलही बोलते. माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांचं ‘धिस फिशर्ड लँड’ (१९९२) हे तुम्ही वाचायलाच हवं, जंगलाच्या इतिहासावर काम करायचं असेल तर पहिल्या महिन्यात. त्यात वसाहतकालीन जंगल-संघर्षांची मांडणी उपजीविकेप्रमाणे केली आहे. शिकार आणि अन्नसंकलन करणारे, फिरती शेती करणारे, स्थिर शेतकरी, कारागीर. ‘लोक विरुद्ध सरकार’ या ठोकळ्यापेक्षा ही मांडणी कितीतरी पुढची आहे. पण चिरनेर तिच्यात ठेवायला गेलं की पंचाईत होते. आगरी शेतकरी एका प्रकरणात जातो, कातकरी दुसऱ्या. अक्कादेवीच्या डोंगरावर मात्र ते एकाच दिवशी होते. ज्याला राब हवा आणि ज्याला खैर हवा, या दोघांचं एरवी गावात काय नातं होतं? एक दुसऱ्याच्या बांधावर मजूर होता का? मग त्या दिवशी एकत्र का? वर्गवारी जितकी चांगली, तितकी ती हा प्रश्न झाकते. ही पुस्तकाची चूक नव्हे. त्यांना सगळ्या देशाचा नकाशा काढायचा होता. आपल्याला एक डोंगर बघायचाय. मोठ्या पुस्तकातून चौकट जशीच्या तशी उचलली की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

दुसरा शब्द ‘अहिंसक’. इथं मी जास्त अडखळले आणि अजूनही अडखळते.

एक साधी गोष्ट बघा. मिठाच्या सत्याग्रहीच्या हातात मूठभर मीठ असतं. जंगलाच्या सत्याग्रहीच्या हातात कोयता नाहीतर कुऱ्हाड असते. झाड तोडणं हाच त्याचा कायदेभंग. रिकाम्या हातानं तो करता येत नाही. तोच कोयता घरात अवजार, पंचनाम्यात हत्यार. म्हणजे डोंगर चढायच्या आधीच, कुणी कुणावर हात उचलायच्या आधीच, हिंसेबद्दलचा अर्धा निकाल हातातल्या वस्तूनं लावलेला असतो. ‘अहिंसक होते का?’ या प्रश्नाआधी ‘कोयत्याला काय म्हणायचं हे कोण ठरवतं?’ हा प्रश्न येतो.

आता आपल्या लिखाणातली क्रियापदं तपासा. स्थानिक इतिहासात सारखी भेटणारी वाक्यं अशी: ‘जमाव प्रक्षुब्ध झाला.’ ‘पोलिसांना गोळीबार करावा लागला.’ ‘गोळीबार झाला.’ पहिल्यात कर्ता आहे, जमाव. दुसऱ्यात कर्त्यावर सक्ती आहे, ‘करावा लागला’. तिसऱ्यात कर्ताच गायब. पाऊस झाला तसा गोळीबार झाला. आपल्या बाजूची वाक्यंही निर्दोष नाहीत. ‘आठ जणांनी हौतात्म्य पत्करलं.’ पत्करायला आधी पर्याय लागतो. जो पळताना पाठीत गोळी लागून पडतो त्यानं काय पत्करलं? ‘मामलेदार मारले गेले’ असं मी वर लिहिलं, तुम्ही पटकन वाचून पुढं गेलात. कुणी मारलं, हा प्रश्न त्या कर्मणी प्रयोगात विरघळला. मी मुद्दाम केलं नव्हतं. हात तसाच वळलेला आहे.

रणजित गुहा यांचा ‘प्रोज ऑफ काउंटर-इन्सर्जन्सी’ (१९८३) हा लेख याच्यासाठी वाचा. अवघड आहे, दोनदा वाचावा लागेल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की घटनेच्या दिवशी अधिकाऱ्यानं पाठवलेला अहवाल, नंतर निवृत्त साहेबानं लिहिलेला इतिहास आणि त्याहून नंतर इतिहासकारानं लिहिलेलं पुस्तक, या तीन थरांत बंडखोराचं स्वतःचं मन कुठंच येत नाही. तिसऱ्या थरातला लेखक त्याच्या बाजूचा असला तरीही. मला ‘तरीही’ लागला. माझा आराखडा पूर्ण लोकांच्या बाजूचा होता आणि त्यात लोकांचं मन नव्हतं, फक्त काँग्रेसचा ठराव होता.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. ‘अहिंसक’ खोडला आणि सहा महिने ‘हिंसेकडे वळलेला’ असं लिहीत राहिले. वाटलं, मी फार धीट झाले. शाहिद अमीन यांचं चौरीचौऱ्यावरचं ‘इव्हेंट, मेटाफर, मेमरी’ (१९९५) तेव्हा वाचत होते, त्याचा परिणाम. पुस्तक जबरदस्त आहे. ४ फेब्रुवारी १९२२ ची घटना घेऊन ते कोर्टाच्या कागदांत, माफीच्या साक्षीदाराच्या जबानीत आणि सत्तर वर्षांनंतर गावातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात फिरतात. राष्ट्रवादी इतिहासानं त्या गावाचा नुसता एक शब्द कसा करून टाकला ते दाखवतात. ‘चौरीचौरा’ म्हणजे ‘आंदोलन का थांबवावं लागलं’ याचं कारण, एवढंच. पण ते चिरनेरला लावताना मी घाई केली. चौरीचौऱ्यानंतर आंदोलन थांबलं. चिरनेर घडलं तेव्हा गांधीजी येरवड्यात होते आणि आंदोलन चालूच राहिलं. चौरीचौऱ्याचे लोक कितीतरी काळ राष्ट्रीय कथेतले गुन्हेगार होते. चिरनेरचे लोक इथं हुतात्मेच म्हणून ओळखले जातात. म्हणजे अमीनना कलंक खरवडून खालचं बघायचं होतं. आपल्याला गौरव खरवडून बघायचंय आणि ते जास्त नाजूक काम आहे, कारण समोर त्या घरांतली माणसं बसलेली असतात.

आणि तरी ‘अहिंसक की हिंसक’ हा प्रश्न सोडून द्यावा असं मी म्हणणार नाही. कारण तो नुसता आपला अभ्यासकी प्रश्न नव्हता. ५ मार्च १९३१ चा गांधी-आयर्विन करार काढून वाचा, पूर्ण, सारांश नको. त्यात कैद्यांच्या सुटकेचं कलम आहे. सविनय कायदेभंगातले जे कैदी हिंसेच्या गुन्ह्यात नाहीत ते सुटतील, आणि तिथं एक अपवाद घातलाय: ‘तांत्रिक’ हिंसा सोडून. म्हणजे ढकलाढकलीसारखं काही असेल तर चालेल. या एका विशेषणावर माणसं घरी जाणार होती किंवा आत राहणार होती. ज्यांच्यावर खुनाचा आरोप होता त्यांच्यासाठी ते दार उघडणारं नव्हतं. ‘अहिंसक’ हा शब्द १९३१ मध्ये चाळणी म्हणून वापरला गेला आणि मी तोच शब्द शीर्षकात घालून पुन्हा तीच चाळणी फिरवत होते.

त्याच करारात मिठाचंही कलम आहे. जिथं मीठ गोळा करता येतं त्या भागातल्या गावकऱ्यांना घरच्या वापरापुरतं आणि गावात विकण्यापुरतं मीठ घ्यायला सवलत मिळाली. जंगलाबद्दल तसं काही नाही. राबाबद्दल नाही, चराईबद्दल नाही. ज्या प्रश्नाला ‘कर’ म्हणता येत होतं त्याला काहीतरी मिळालं. ज्याला म्हणता येत नव्हतं तो जिथल्या तिथं राहिला. शब्दावर इतका का अडते, असं जर अजून वाटत असेल तर हे दोन परिच्छेद पुन्हा वाचा.

आता थोडं कामाचं.

पनवेलवर काम करणार असाल तर हद्दी आधी समजून घ्या. पनवेल १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं, नंतर कुलाब्यात आलं. कॅम्पबेलच्या जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेल शोधताना मी कुलाब्याचा खंड दोनदा चाळला. ते ठाण्याच्या खंडात आहे. कागदपत्रांसाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. तिथं ‘सविनय कायदेभंग’ एवढंच मागितलंत तर गृहखात्याच्या स्पेशल शाखेच्या फायली हातात येतील आणि तुम्ही पोलिसांच्या डोळ्यांनी बघायला लागाल. महसूल आणि जंगल खात्याच्या फायलीही मागवा, १९३० च्याच नव्हे, आधीच्या वीस-तीस वर्षांच्या. कंटाळवाण्या असतात. कुणाला किती टहाळ तोडू द्यायचे यावर पानंच्या पानं. पण लोक काय मागत होते ते तिथं आहे, गोळीबाराच्या अहवालात नाही.

मुलाखती घेताना एक अनुभव येईल. मी एका आजींना चिरनेरचं विचारलं, त्या दहा मिनिटं बोलल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या १९८४ सांगतायत. जानेवारी १९८४ मध्ये उरण-जासई भागात जमीन संपादनाविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार झाला (बघा, पुन्हा ‘झाला’), पाच जण गेले. आजींच्या बोलण्यात डोंगर, रस्ता, पोलीस, खाडी सगळं एकातएक होतं. पहिल्यांदा मी ती फीत ‘निरुपयोगी’ म्हणून बाजूला ठेवली. आता तेच माझं चौथं प्रकरण आहे. सिडको, बंदर, विमानतळ यांच्या भरावाखाली मिठागरं गेली, तेव्हा १९३० ची आठवण कुणी, कशासाठी जिवंत ठेवली, हे त्या फितीशिवाय मला सुचलं नसतं.

बाकी शीर्षकाचं म्हणाल तर अजून ठरलेलं नाही. ‘कर’ गेला, ‘अहिंसक’ गेला, ‘लढा’बद्दलही आता खात्री राहिलेली नाही. मध्यंतरी ‘राब, खैर आणि कायदा’ असं काहीतरी लिहून नेलं होतं. मॅडम म्हणाल्या, “मीठ कुठं गेलं?” पुढच्या शुक्रवारी प्रगती अहवाल द्यायचाय.